सतरा नंबरच्या खोलीतले बिघाड

माझी आत्या विद्यापीठातल्या प्राध्यापकांना शिकवायची. असं ती स्वतः कधी म्हणाली नसती आणि एकाही प्राध्यापकाने ते कबूल केलं नसतं, पण काम तेच होतं. वर्गात नवं यंत्र आलं की ते कसं चालवायचं हे प्राध्यापकांना दाखवायचं, ते विसरले की पुन्हा दाखवायचं, आणि ऐन तासाला पडदा काळा पडला की धावत जायचं. एकतीस वर्षं तिने हे केलं.

ग्रंथालयाच्या इमारतीत जिन्याखाली तिची खोली होती. दारावर ‘अध्यापन तंत्रसाहाय्य कक्ष’ अशी लांबलचक पाटी होती, पण सगळं विद्यापीठ त्या जागेला ‘जिन्याखाली’ म्हणायचं. ‘जिन्याखाली फोन करा’ म्हणजे दोनशे चौदा फिरवा आणि आत्याला बोलवा. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन सत्ताविसाव्या वर्षी ती तिथे लागली, कुणाच्या तरी रजेच्या जागी, सहा महिन्यांसाठी. ती रजेवरची बाई परत आलीच नाही. आत्याचं लग्न झालं नाही, ती आमच्याच घरी राहायची, आणि जेवताना मी तिच्या शेजारी बसायचे. त्यामुळे विद्यापीठातल्या बड्या बड्या विद्वानांच्या फजित्या मला लहानपणापासून पाठ होत्या.

सुरुवातीला ती ढकलगाडीवरून स्लाइड दाखवायचं यंत्र वर्गावर्गात न्यायची. त्याचा दिवा रुमालात धरून बसवायचा, बोटाचा तेलकटपणा लागला की तो फुटतो, हे मला शाळेत जायच्या आधी माहीत होतं. मग पारदर्शक कागद आले. तत्त्वज्ञानाच्या एका नामांकित प्राध्यापकांनी ते सबंध तासभर उलटे ठेवून शिकवलं आणि मुलांनी माना वाकड्या करून उतरवून घेतलं. मग संगणक आले, मग घरबसल्या बघायची व्याख्यानं आली. दर चार वर्षांनी सगळं बदलायचं आणि आत्या पुन्हा पहिल्या पायरीवरून सुरू करायची.

“सगळ्यात अवघड काय असतं गं?” मी एकदा विचारलं होतं.

“त्यांना लाज वाटू न देणं,” ती म्हणाली. “आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढलेली माणसं. साधं बटण सापडलं नाही की कानाच्या पाळ्या लाल होतात. मग ते माझ्यावर ओरडतात.”

यावर तिने एक तोडगा काढला होता. ती नेहमी यंत्राला दोष द्यायची. प्राध्यापकांनी तारच जोडलेली नसायची, पण ही हळूच ती जोडायची आणि म्हणायची, “हे खोकं जरा लहरीच आहे, सर.” मग सर खोक्याकडे रागाने बघायचे आणि हिच्याकडे बघून हसायचे. तिच्या नोंदवहीत प्रत्येक फोनचं कारण लिहायचा रकाना होता. ‘यंत्रदोष’, ‘जोडणी’, ‘वापरकर्त्याची चूक’ आणि ‘इतर’, यातलं एक लिहायचं. सबंध नोकरीत तिने ‘वापरकर्त्याची चूक’ एकदाही लिहिलं नाही, ‘जोडणी’ किंवा ‘इतर’ लिहून वेळ मारून न्यायची. पुढे वही जाऊन ती नोंद संगणकावर आली, तरी तिची सवय तशीच राहिली.

या सगळ्या प्राध्यापकांत तिचा जीव होता तो गवतसरांवर. हे नाव मुलांनी पाडलेलं. ते वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि त्यांचं सगळं संशोधन गवतावर होतं. उंच, वाकलेले, सदऱ्याच्या खिशात कायम भिंग. त्यांच्याकडे गवतांच्या नऊ हजार स्लाइड होत्या, लोखंडी कपाटांत खण करून ठेवलेल्या. त्या संगणकावर चढवायचं ठरलं तेव्हा आत्या दोन वर्षं रोज दुपारी त्यांच्या खोलीत बसली. सर एकेक स्लाइड खिडकीच्या उजेडात धरायचे आणि तिची गोष्ट सांगायचे.

“बाई, या गवताशेजारी मी तीन दिवस बसलो होतो, फुलायची वाट बघत. तिसऱ्या दिवशी पायाला मुंग्या आल्या म्हणून जरा उठलो, तेवढ्यात एका शेळीने ते खाल्लं.”

“मग हा फोटो कशाचा?”

“शेळीचा. नीट बघा, तोंडात आहे ते.”

ती जेवताना हे सांगायची आणि एकटीच हसत राहायची. त्या दोन वर्षांत आमच्या अंगणातलं तण उपटायलासुद्धा तिने बंदी केली होती.

मी हे सांगतेय ते त्यानंतर दहाएक वर्षांनी झालेलं. आत्या तेव्हा छप्पन्नची होती, गवतसर त्रेसष्ट. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

त्यांचा तास मंगळवारी सव्वादहाला, सतरा नंबरच्या खोलीत असायचा. एका मंगळवारी त्यांचा फोन आला, पडद्यावर चित्र येत नाही म्हणून. आत्याने फोनवरच कोणतं बटण दाबायचं ते सांगितलं. पुढच्या मंगळवारी तोच फोन आला, त्याच्या पुढच्याही. यात नवल काही नव्हतं, निम्मे प्राध्यापक असेच होते. मग एका मंगळवारी तो सव्वादहाला आला आणि पुन्हा साडेदहाला आला. आवाज तोच, शब्दही तेच, “बाई, माफ करा हं, पहिल्यांदाच त्रास देतोय.” आत्या धावत वर गेली. चित्र पडद्यावर व्यवस्थित दिसत होतं आणि सर पडद्याला पाठ करून उभे होते.

तिने नोंद केली, ‘यंत्रदोष’.

तिने एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत चार पायऱ्या लिहून तो संगणकाला चिकटवला. महिन्याभरात पुठ्ठे पाच झाले. एके दिवशी सरांनी तिला विचारलं, “स्लाइडची ढकलगाडी आज नाही आणलीत?” ती गाडी भंगारात जाऊन वीस वर्षं झाली होती. “दुरुस्तीला दिली आहे, सर,” आत्या म्हणाली, आणि जिन्याखाली येऊन दार लावून बसली.

त्या दिवशी ती जेवली नाही. आईने विचारलं तर म्हणाली, “एक गोष्ट मला कळली आहे आणि ती कळायला नको होती.”

त्यानंतर ती दर मंगळवारी दहालाच सतरा नंबरमध्ये जाऊन सगळं सुरू करून द्यायची. पण तेवढ्याने भागेना. एकेका तासात दोन-तीनदा फोन यायचाच, आणि दरवेळी ती ‘यंत्रदोष’ लिहायची. तिथल्या प्रत्येक तासाचं चित्रीकरण आपोआप व्हायचं आणि ते मुलांसाठी चढवायचं काम तिचंच होतं. एका आठवड्यात सरांनी आधीच्या आठवड्याचंच व्याख्यान दिलं. विनोद तेच, थांबायच्या जागाही त्याच. मुलं आधी गोंधळली, मग मागच्या बाकांवर हसू पसरलं. आत्याने ते चित्रीकरण चढवलंच नाही. त्याच्या जागी मागच्या वर्षीचं, पुढच्या धड्याचं व्याख्यान चढवलं आणि कारण लिहिलं, ‘चित्रीकरण यंत्रात बिघाड’. असं तिने चार वेळा केलं. कुणा विद्यार्थ्याने खाली टिप्पणी टाकली होती, ‘सरांनी आज वर्गात पांढरा सदरा घातला होता, इथे स्वेटर कसा?’ ती तिने पुसून टाकली.

“तू हे करतेस ते बरोबर आहे का?” मी विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “मुलांचं वाटोळं होतंय. मला कळत नाही का? पण तोंड उघडलं तर सरांचं होईल.”

शेवटी तिने तोंड उघडायचा प्रयत्न केलाच. ती आधी विभागप्रमुख मॅडमना भेटली. मॅडम गवतसरांच्याच विद्यार्थिनी, त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या. आत्या जेमतेम दोन वाक्यं बोलली असेल, मॅडम उठल्या आणि त्यांनी दार लोटलं.

“मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “मागच्या महिन्यात त्यांनी मला माझ्या प्रबंधाची तारीख विचारली. वीस वर्षांपूर्वीच्या प्रबंधाची.”

“मग काहीतरी करायला हवं ना, मॅडम?”

“काय करू? मी कागद पुढे सरकवला की वैद्यकीय तपासणी, मग समिती. मीच त्यांना बाहेर काढायचं? हे बघा, तुम्ही मला हे सांगितलंत असं मी धरत नाही. कृपा करून लेखी काही देऊ नका.”

मग ती सरांच्या घरी गेली. सरांच्या बायकोने, वहिनींनी, दार उघडलं आणि आत्याचा चेहरा बघूनच त्यांच्या लक्षात आलं. सर आत झोपले होते. वहिनींनी तिला स्वयंपाकघरात नेलं आणि ओट्याशी उभ्या राहूनच बोलल्या.

“डॉक्टरांना दाखवलंय. नाव आहे त्या दुखण्याला, औषध नाही. मंगळवार हा एकच वार त्यांना आठवतो. सकाळी सहाला कपडे करून बसतात. तो गेला तर त्यांच्याकडे उरतं काय?”

“वहिनी, मुलं आहेत वर्गात.”

“हे सत्र तेवढं जाऊ द्या. मी पाया पडते तुमच्या.”

वहिनी खरंच वाकल्या. आत्याने त्यांना दोन्ही हातांनी धरून उभं केलं आणि हो म्हणून आली.

सत्र संपायला नऊ आठवडे होते. चौथ्या आठवड्यात तिच्या खोलीत तंत्रज्ञ आला. त्याच्याकडे वर्गांतल्या सगळ्या यंत्रांची देखभाल होती. चाळिशीचा, अबोल, कंत्राटावरचा माणूस, तीन वर्षांपासून हिच्याबरोबर काम करणारा. त्याने घडी घातलेला कागद टेबलावर ठेवला. वर्षाअखेरचा अहवाल होता. विद्यापीठातल्या बाकी सगळ्या खोल्यांत मिळून अठरा बिघाड आणि एकट्या सतरा नंबरमध्ये त्रेचाळीस.

“माझं कंत्राट पुढे चालू ठेवणार नाहीत, ताई,” तो म्हणाला. “संगणक केंद्राच्या प्रमुखांनी बोलावून सांगितलं. एका खोलीत त्रेचाळीस वेळा बिघाड होतो आणि तू झोपा काढतोस का, म्हणाले.”

आत्याने ते आकडे पुन्हा वाचले.

“मी ती खोली रोज सकाळी तपासतो. एकेक तार काढून बघितली. दोनदा संगणक बदलला. एकदाही काही सापडलं नाही. रात्री झोप लागत नाही मला, आपलं कुठे चुकतंय म्हणून.” त्याने कागदावर बोट ठेवलं. “ताई, सगळ्या नोंदी तुमच्या हातच्या आहेत. तुम्हीच सांगा, काय बिघडलं होतं?”

ती मला म्हणाली होती की त्याने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्याला तिचा संशयसुद्धा आला नव्हता. तिच्याकडून काही शिकायला मिळेल अशा आशेने तो विचारत होता.

आत्याने हरप्रकारे मधली वाट शोधली. प्रमुखांना भेटून म्हणाली, नोंदी करताना माझा रकाना चुकला असेल. ते म्हणाले, त्रेचाळीस वेळा? ती म्हणाली, माझं वय झालं. ते म्हणाले, बाकीच्या खोल्यांत कसा चुकला नाही? सोमवारी तीन जणांची बैठक लावली. प्रमुख, कुलसचिवांच्या कचेरीतले एक अधिकारी आणि विभागप्रमुख मॅडम. तंत्रज्ञाला दाराशी खुर्ची दिली होती.

“यंत्रं ठीक होती,” आत्या म्हणाली. “एकदाही बिघडली नाहीत. नोंदी मी खोट्या केल्या. या माणसाचा काही दोष नाही.”

“का केल्या?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

आत्याने मॅडमकडे बघितलं. मॅडम टेबलावरच्या पेल्याकडे बघत होत्या.

“या सगळ्या नोंदी मंगळवारच्याच आहेत, मंगळवारचं चित्रीकरण लावा,” प्रमुख म्हणाले.

न चढवलेली चारही व्याख्यानं यंत्रात तशीच होती. आत्याने ती पुसली नव्हती, सरांची एकही गोष्ट पुसायला तिचा हात धजला नव्हता. त्यांनी चौथं लावलं. पडद्यावर बांबूचं चित्र आणि त्याच्यापुढे सर, हातात काठी. काठी बांबूच्या गाठीवर ठेवून ते म्हणाले, “आणि याला आपण म्हणतो...” आणि थांबले. काठी तिथेच होती. त्यांनी खिशातलं भिंग काढलं, पडद्याजवळ गेले, भिंगातून बघितलं. वर्गात कुणी हललं नाही. कोपऱ्यात वेळ दाखवणारे आकडे पुढे सरकत होते, एक मिनिट, दोन मिनिटं. चौथ्या मिनिटाला पुढच्या बाकावरची एक मुलगी अगदी हळू म्हणाली, “पेर, सर.”

“पेर,” सर म्हणाले. “अरे वा. पेर. छान शब्द आहे.”

मॅडमनी हात लांब करून पडदा बंद केला. त्या रडत होत्या. तंत्रज्ञ उठून बाहेर गेला.

पंधरा दिवसांनी, मंगळवारी नव्हे, शुक्रवारी, दोनशे चौदा वाजला.

“बाई, मला काहीतरी पत्र आलंय संगणकावर. उघडत नाहीये. येता का जरा?”

आत्याला ते पत्र कसलं आहे हे माहीत होतं. मॅडमनी तिला सकाळीच सांगितलं होतं, वहिनींनाही कळवलं होतं. वहिनी निघाल्या होत्या, वाटेत होत्या. आत्या जिने अगदी सावकाश चढली. सरांच्या खोलीत ऊन आलं होतं आणि लोखंडी कपाटं अजून तशीच होती, रिकामी. सर टेबलाशी बसून एका बोटाने बटणं दाबत होते.

“हे बघा ना.”

जोडलेलं पत्र होतं, त्यावर दोनदा टिचकी मारायची होती. आत्याचा हात तिथे गेला आणि थांबला. ती म्हणाली, “सर, वहिनी येतायत. त्या आल्या की वाचू या.”

“अहो, तुम्ही आहात ना! उघडा.”

आजवर त्यांनी सांगितलेलं तिने सगळं उघडून दिलं होतं. तिने तेही उघडलं. अक्षरं बारीक होती, सर म्हणाले मोठी करा, तिने ती मोठी केली. सरांनी बोट ठेवून सगळं वाचलं. प्रकृतीच्या कारणास्तव अध्यापनातून मुक्त, प्रदीर्घ सेवेबद्दल आभार. मग त्यांनी मान वर केली.

“बिचारा,” ते म्हणाले. “कोण आहे हा? आपल्या विभागातला आहे का?”

आत्याने काय उत्तर दिलं ते तिने मला कधीच सांगितलं नाही.

तंत्रज्ञाचं कंत्राट चालू राहिलं. त्याने आत्याशी बोलणं सोडलं नाही, पण जिन्याखाली चहाला यायचा तो यायचा थांबला. आत्याला खोट्या नोंदींबद्दल लेखी समज मिळाली, तिच्या सेवापुस्तकातली पहिली आणि शेवटची. तिला त्याचं काही वाटलं नाही. सत्राचे उरलेले दोन आठवडे सतरा नंबरमध्ये दुसऱ्याच कुणीतरी शिकवलं.

पत्र आलं त्याच्या पुढच्याच मंगळवारी सव्वादहाला दोनशे चौदा वाजला.

“बाई, माफ करा हं, पहिल्यांदाच त्रास देतोय. चित्र येत नाहीये.”

सर घरी, विद्यापीठाच्याच वसाहतीत, जिथे आतले नंबर लागायचे, जेवणाच्या टेबलाशी बसून बोलत होते. मागून वहिनींनी फोन घेतला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “कपडे करून बसलेत. चालेल का हो? बटणाचं वगैरे सांगा त्यांना. त्यांच्यासमोर बंद पडलेला जुना संगणक ठेवलाय.”

आत्या सांगत गेली. डावीकडचं बटण, आता हिरवा दिवा, आता थोडं थांबा. सर “आलं, आलं” म्हणाले आणि फोन तसाच ठेवून शिकवायला लागले. ती ऐकत बसली. दर मंगळवारी असंच व्हायचं. त्या अर्ध्या तासात ती दुसरा फोन घ्यायची नाही.

पाचएक महिने हे चाललं. मग विद्यापीठाने ठरवलं की मदतीसाठी फोन नको, पडद्यावर अर्ज भरायचा. दोनशे चौदा बंद होणार होता. आत्या प्रमुखांकडे गेली, तेवढा नंबर माझ्या घरच्या फोनवर वळवा म्हणाली. कारण विचारलं तर तिला धड सांगता येईना. ते चिडले नाहीत, उलट समजावून सांगितलं की यंत्रणाच बदलतेय, एकेक नंबर ठेवता येत नाही. तिने वहिनींना घरचा नंबर दिला. पण सरांना स्वतःच फोन लावायचा असायचा, आणि त्यांच्या बोटांना दोनशे चौदा सोडून दुसरं काही येत नव्हतं. वहिनींनी लावून दिला तर ते तो कानाला लावायचेच नाहीत.

महिन्याभराने आत्या त्यांना बघायला गेली. मीही बरोबर होते. सर खिडकीशी बसले होते, सदरा इस्त्रीचा, खिशात भिंग. त्यांनी आम्हाला अगत्याने बसवलं. आत्याला त्यांनी ओळखलं नाही. “आपण कुठल्या विभागात?” असं विचारलं.

“मी आता निवृत्तीला आले, सर,” ती म्हणाली.

“बरं आहे. विद्यापीठात आता पूर्वीचं राहिलं नाही.” ते पुढे वाकले, कुणाची तक्रार करावी तसे. “तिथे जिन्याखाली एक बाई होत्या. फार भल्या. काहीही अडलं की फोन करायचा, लगेच धावत यायच्या. हल्ली उचलतच नाहीत. मी इतक्या वेळा फोन केला. माझ्याकडून काही वावगं बोललं गेलं असेल का हो?”

वहिनी दाराआड गेल्या. मी आत्याकडे बघितलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली होती, हात मांडीवर.

“नाही, सर,” ती म्हणाली. “तुम्ही काही बोलला नाहीत.”

“तुमची गाठ पडली तर सांगाल त्यांना?”

“सांगते.”

“विसरू नका हं.”

आम्ही पायऱ्या उतरलो. फाटकापाशी आत्या थांबली आणि पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. बराच वेळ शोधत होती. काय हवंय, असं मी दोनदा विचारलं. तिने सांगितलं नाही, मग पर्स बंद केली आणि आम्ही बसथांब्याकडे चालायला लागलो.